चार बोटं अंतर

दर वर्षी पुस्तकांच्या पडताळणीला अख्खं घर ग्रंथालयात जमायचं, यात आता कुणालाच नवल राहिलं नव्हतं. पण या खेपेला पडताळणी रविवारी आणि महापालिकेशी संयुक्त बैठक लगेच सोमवारी दुपारी. त्यामुळे सकाळपासून सगळे एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलत होते. या घरात माणसं गोड बोलायला लागली की समजावं, कुठेतरी ठणकतंय.

आत्या मोठ्या टेबलाशी नोंदवही उघडून बसली होती. एकोणीस वर्षं ती ग्रंथालय मंडळाची अध्यक्ष होती आणि एकोणीस वर्षांत तिने एकही पडताळणी दुसऱ्याच्या हाती सोडली नव्हती. तिच्यासमोर शिडीवर उभा राहून वरच्या फळीवरच्या पुस्तकांचे क्रमांक ओरडून सांगणारा ताडमाड माणूस म्हणजे तिच्या थोरल्या, गेलेल्या भावाचा मुलगा. शहरात तो महापौर होता, घरात टिल्लू. लहानपणी ठेंगणा होता म्हणून पडलेलं नाव सहा फुटांवर गेला तरी कुणी काढून घेतलं नव्हतं.

"दोन हजार चारशे अकरा," टिल्लू वरून म्हणाला.

"आहे. पुढे."

"आत्या, उद्याही अशीच माझं ऐकशील का?"

"उद्या तू शिडीवर नसशील," आत्या वहीतून मान वर न करता म्हणाली. "पुढे."

उद्या तो तिच्यासमोरच्या रांगेत बसणार होता आणि तिच्याकडून बालविभागाची खोली मागणार होता. मागणी काही वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती. दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी, निवृत्तिवेतनाचे कागद, सगळ्यासाठी माणसांना महापालिकेचे तीन जिने चढावे लागत. लिफ्ट दोनदा बसवली होती आणि तीनदा बंद पडली होती. ग्रंथालयाची बालविभागाची खोली तळमजल्यावर, ऐसपैस, भर रस्त्याला लागून. तिथे या कामांच्या खिडक्या उघडल्या की म्हाताऱ्या माणसांचा जीव भांड्यात पडला असता. मुलांची पुस्तकं मग दुसऱ्या मजल्यावर. आणि दुसऱ्या मजल्यावर एकटं मूल चढत नाही, हे आत्याला जितकं ठाऊक होतं तितकंच टिल्लूलाही.

मंडळ आणि महापालिका यांच्यात एक जुना करार होता. तो टिल्लूच्या आजोबांनी, म्हणजे आत्याच्या वडिलांनी केलेला. ते पुस्तकं बांधणारे बाइंडर होते. साठ वर्षांपूर्वी महापालिकेने इमारत दिली आणि पगार द्यायचं कबूल केलं. पुस्तकं कोणती घ्यायची, ग्रंथपाल कोण नेमायचा, दारं किती वाजता उघडायची, हे मंडळाकडे राहिलं. ते कागदावर आणताना आजोबांनी वकिलाला बोलावलं नाही. त्यांनी लिहिलं, भिंतीला जे लागलं ते महापालिकेचं, जे सुटं ते मंडळाचं. भांडण झालंच तर दोन्हीकडचे पाच-पाच जण वाचकांसमोर बसून हात वर करतील. मतं सारखी पडली तर त्या खोलीत ज्याची कपाटं, त्याचा शब्द चालेल. इतकं साधं होतं की आजवर एकाही वकिलाला त्यात बोट घालायला जागा सापडली नव्हती.

सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आजोबांनी ग्रंथालयातलं एकूणएक कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं.

तेव्हापासून ते अंतर पाळलं जात होतं. ते हळूहळू घराच्या बोलण्यातही शिरलं. शेजाऱ्याशी पटत नाही, चार बोटं ठेवा. जावेशी फार गट्टी झाली, चार बोटं ठेवा. आजोबा म्हणायचे, जवळ असावं, चिकटू नये. त्यांच्या हयातीत या घरात कुणी कुणाला मिठी मारली असेल असं वाटत नाही, पण कुणी कुणाला सोडूनही गेलं नाही.

उद्याचा हिशेब त्यामुळे शेंबड्या पोरालाही करता आला असता. त्यांचे पाच, आपले पाच, मतं सारखी, कपाटं सुटी, खोली मंडळाकडे.

अकराच्या चहाला टिल्लूच्या आईने, घरातल्या थोरल्या वहिनींनी, एक खडा टाकून पाहिला. वहिनी निवृत्त शिक्षिका होत्या आणि खडा वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत अचूक पोचवण्याची त्यांची सवय गेली नव्हती.

"मी म्हणते, बालविभागच कशाला? तुमच्या मंडळाची बैठकीची खोली आहे की. तीही तळमजल्यावर. महिन्यातून एक दिवस उघडता. बाकीचे एकोणतीस दिवस तिथे तो लोखंडी प्रेस एकटाच राहतो."

"तो बाबांचा बांधणीचा प्रेस आहे," आत्या म्हणाली.

"मग? त्याला काय पुस्तकं वाचायची असतात?"

"वहिनी, ती मंडळाची खोली आहे. मंडळाला बसायला खोली नसेल तर उद्या त्याला उभंच ठेवतील." आत्याने कप खाली ठेवला. विषयही त्याच्याबरोबर खाली ठेवला गेला.

टिल्लूच्या बायकोने दोघींकडे पाहिलं आणि ती निमूटपणे उठली. तिचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. वडिलांकडून शिकलेली विद्या, आणि बोटं अशी बारीक की लग्न होऊन घरात आल्यावर पहिल्याच पडताळणीला तिला काम मिळालं होतं. कपाटांमागे पडलेली पुस्तकं काढायचं. चार बोटांच्या फटीत कोपरापर्यंत हात जाईल असं घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. वहिनींचा हात एके काळी जायचा. टिल्लूचा तर सात वर्षांचा होईपर्यंत जायचा, आणि जेव्हा जाईना तेव्हा तो रडला होता म्हणे.

बालविभागातलं एक पुस्तक लागत नव्हतं. तिसऱ्या कपाटामागे पडलं असणार, म्हणून ती खोलीत गेली. भिंतीकडच्या टोकाला पृथ्वीचा मोठा गोल ठेवला होता. तो सरकवून तिने हात घातला.

हात गेला नाही.

तिला आधी वाटलं, आपणच जाड झालो. मग तिने बोटांनी चाचपलं. कपाट आणि भिंत यांच्यामधे नखही शिरत नव्हतं. खुर्चीवर उभं राहून तिने कपाटाच्या माथ्यावर पाहिलं. लोखंडी कोन, भिंतीच्याच रंगात रंगवलेले. चारही कपाटांना दोन-दोन. आणि स्क्रू. स्क्रूंशी तिचा रोजचाच संबंध. सगळ्यांच्या खाचा उभ्या, एका रेषेत, जणू शाळेची रांग. अख्ख्या शहरात स्क्रू पिळून झाल्यावर खाच उभी करणारा सुतार एकच होता, आणि तो, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, शेजारच्या खोलीत खुर्चीचा पाय ठीक करत बसला होता.

तिने दाराशी जाऊन हळूच हाक मारली. "काका, जरा इकडे येता?"

*

सुतारकाकांनी वर पाहिलं आणि त्यांना सगळं एकदम आठवलं. आठ महिन्यांपूर्वीची दुपार आठवली. वरच्या फळीवरच्या पुस्तकासाठी एक पोर फळ्यांची शिडी करून चढलं होतं आणि कपाट पुढे झुकलं होतं. काका तिथेच होते. त्यांनी पाठ लावून कपाट पेललं, पोराला उतरवलं, त्याला हवं ते पुस्तक दिलं आणि घरी गेले. रात्रभर डोळ्यासमोर झुकणारं कपाट. सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधीच त्यांनी शिपायाला हाताशी घेऊन चारही कपाटं मागे सारली आणि भिंतीला घट्ट जखडून टाकली. काम नेटकं झालं म्हणून आनंदाने रंगही दिला.

करार त्यांना आठवलाच नव्हता. करार करणाऱ्याचा मुलगा, आणि आजोबांनी कपाटं ओढली तेव्हा दुसऱ्या बाजूने हात लावणारा दहा वर्षांचा पोरगाही तेच. परका माणूस शंभरदा विचारून गेला असता. घरच्याने विचारलं नाही.

"म्हणजे काका, आता ही कपाटं..."

"महापालिकेची," काका म्हणाले आणि मटकन खाली बसले. मुलांची खुर्ची होती, ती कुरकुरली. "मीच आपल्या पायावर धोंडा पाडला गं. माझ्या नाही, ताईच्या."

"कुणाच्या पायावर कसला धोंडा?" दारात वहिनी. त्यांच्या कानांना निवृत्ती नव्हती.

लपवण्यात अर्थ नव्हता. सुनेने सांगितलं. वहिनींनी खुर्चीवर चढून स्वतः पाहिलं, उतरल्या, पदराने हात पुसले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून एक हसू झर्रकन सरकून गेलं. खोटं कशाला सांगा, वहिनींच्या मनात पहिल्यांदा तेच आलं. सुंठीवाचून खोकला गेला. उद्या आपला पोरगा जिंकला.

मग त्यांनी दिराकडे पाहिलं. सत्तरीचा माणूस लहान मुलाच्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला टेकवून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काढायला किती वेळ लागेल?" वहिनींनी विचारलं.

"काय?"

"स्क्रू हो, स्क्रू."

"अर्धा तास. पण वहिनी, टिल्लू तुमचा..."

"टिल्लू माझाच आहे. म्हणूनच म्हणते. त्याला जिंकायचं असेल तर लोकांना पटवून जिंकू दे. काकाच्या आठ कोनांवर पुतण्या महापौरकी गाजवतोय असं मला बाजारात ऐकायचं नाही. काढा." त्या सुनेकडे वळल्या. "आणि तू. अळीमिळी गुपचिळी."

सुनेची खरी कुचंबणा झाली. तिकडे शिडीवर नवरा, इकडे सासू. पण तिला बोलताना आवाज चढवावा लागला नाही. "आई, मी आपण होऊन सांगणार नाही. पण त्याने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. मला ते जमत नाही."

"त्याला कशाला विचारायचं सुचतंय? तुझ्या वाढदिवसाची तारीख आठवते का त्याला?"

काकांनी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला, खुर्ची ओढली आणि पहिल्या स्क्रूच्या खाचेत टोक बसवलं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"त्या पुस्तकाचं काय झालं? मिळालं का?"

आणि आत्या आत आली.

आत्याने भावाच्या हातातलं हत्यार पाहिलं, कपाटाचा माथा पाहिला, मग जागेवरून हललेला गोल पाहिला. ती कपाटाच्या कडेला गेली आणि चार बोटं जोडून तिने फट शोधली. भिंतीवर बोटं वरपासून खालपर्यंत फिरवली. दुसऱ्यांदा फिरवली.

"कधी?" तिने विचारलं.

"आठ महिने झाले, ताई. पोर चढलं होतं. कपाट अंगावर येत होतं त्याच्या."

"लागलं त्याला?"

"छे. खरचटलंही नाही."

"तुला?"

"पाठ धरली होती आठवडाभर."

"मला बोलला नाहीस."

"तू डॉक्टरकडे पाठवलं असतंस."

आत्या हसली असती, पण तिला जमलं नाही. तीही एका छोट्या खुर्चीवर बसली. ही खोली तिने उभी केली होती. मंडळात ती पहिल्यांदा आली तेव्हा मुलांसाठी इथे एक फळी होती, फक्त एक, आणि तीही मोठ्यांच्या डोक्याच्या उंचीवर.

"काढतो मी. जेवणापर्यंत चारही सुटी करतो," काका म्हणाले.

"स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेव."

"ताई, खोली जाईल!"

"ठाऊक आहे मला. गणित मलाही येतं." "बाबांनी ही फट कशासाठी ठेवली होती? कुणीही यावं आणि हात घालून बघावं. आठ महिने इथे हात जात नव्हता. आज काढलेस, तर उद्या मी कुठल्या तोंडाने सांगू की बघा हात घालून?"

"पण उद्या तर जाईल ना हात," वहिनी म्हणाल्या. आपण नणंदेची बाजू घेऊन भांडतोय याचं त्यांनाच नवल वाटत होतं.

"जाईल. आणि परवा पुन्हा एखादं पोर चढेल. तेव्हा याची पाठ इथे नसेल." आत्या उठली. "आपलेच दात आणि आपलेच ओठ, वहिनी. कुणाला बोल लावू? टिल्लू कुठे आहे?"

*

टिल्लू अजून शिडीवरच होता. दोन हजार नऊशे सहावर येऊन थांबला होता, कारण खाली लिहून घ्यायला कुणी नव्हतं.

"खाली ये," आत्या म्हणाली.

तो उतरला. तिने उभ्याउभ्याच सांगितलं, काही वगळलं नाही. भावाने केलं हे सांगितलं, का केलं हेही. ऐकताना टिल्लूच्या छातीत एकदम हलकं वाटलं. जिंकलो! तीन जिने, ती लिफ्ट, दोन वर्षांची खटपट, सगळं सुटलं. आणि पुढच्याच क्षणी त्याला स्वतःची लाज वाटली, कारण आत्या हे सगळं स्वतःहून, त्याच्यासमोर ताठ उभी राहून सांगत होती.

"आत्या, हे मला सांगायचं काही कारण नव्हतं."

"कारण आहे. खोलीत बदल झाला तर दुसऱ्या बाजूला कळवायचं, असं करारात आहे. मी आठ महिने उशिरा कळवतेय. उद्या बैठकीत पहिलं वाक्य हेच बोलणार आहे."

"तू हरशील."

"दिसतंय तसं."

टिल्लूने कपाळ चोळलं. "मी मागे नाही हटू शकत. तिसऱ्या जिन्यावर एक बाई बसली होती, आत्या. कागद मांडीवर घेऊन. चौथ्यांदा आली होती. वर जायला दम नव्हता आणि खाली उतरायलाही. मी तिला शब्द दिलाय. सभागृहालाही दिलाय."

"हटू नकोस म्हणून तर सांगायला आले," आत्या म्हणाली. "माझ्यासाठी हटलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. लोकांनी तुला माझा भाचा म्हणून निवडलेलं नाही."

टिल्लूला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. आयुष्यात त्याने पुष्कळ मोठी माणसं पाहिली होती. त्यातली बरीचशी व्यासपीठावर मोठी होती. ही बाई रविवारी दुपारी, रिकाम्या दालनात, कुणी बघत नसताना मोठी होती.

"पुस्तक सापडलं का पण?" त्याने विचारलं.

"कुठलं सापडतंय! भिंत आणि कपाटाच्या मधे चेपून बसलं असेल. चढ वर. दोन हजार नऊशे सहा."

*

सोमवारी मुख्य दालनात दोन रांगा समोरासमोर लागल्या आणि मागे वाचक उभे राहिले. वहिनी, सून आणि काका कोपऱ्यात होते. काका रात्रभर झोपले नव्हते हे त्यांच्या दाढीवरून कळत होतं.

टिल्लूच्या शेजारी एक नगरसेवक बसला होता, त्याला सगळं शहर मोजपट्टी म्हणायचं. बांधकाम खात्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस, खिशात कायम पोलादी टेप. हे ग्रंथालय एका घराने बळकावलंय असं तो उघड बोलायचा, आणि आज प्रत्येक कपाटामागचं अंतर मोजून दाखवीन असं त्याने वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं होतं.

त्याला टेप बाहेर काढायची संधीच मिळाली नाही. आत्या उभी राहिली.

"सुरुवातीला एक कबुली. बालविभागातली चारही कपाटं आठ महिन्यांपासून भिंतीला स्क्रूने जोडलेली आहेत. मूल अंगावर कपाट घेऊन पडत होतं म्हणून मंडळाच्या सुताराने ती जोडली. तो माझा भाऊ आहे. मंडळाला त्याने विचारलं नाही आणि मंडळाच्या अध्यक्षांना आठ महिने दिसलं नाही, हा दोष माझा. करारानुसार ती कपाटं महापालिकेची आहेत. मतं सारखी पडली तर खोलीही तुमची."

दालनात कुजबुज उठली. मंडळाचे बाकीचे चौघे तिच्याकडे बघतच राहिले. मोजपट्टी उठला आणि तडक बालविभागात गेला. टेप सुटल्याचा आणि परत गुंडाळल्याचा खटका सगळ्यांना ऐकू आला. तो येऊन बसला.

"शून्य," तो म्हणाला. मग जरा घुटमळून, "आम्ही मोजणारच होतो. तुम्ही आधी का सांगितलंत?"

"तुम्ही मोजल्यावर मी बोलले असते तर त्याला सांगणं म्हणत नाहीत. सापडणं म्हणतात."

मोजपट्टीने टेप खिशात टाकली.

"आता दुसरं," आत्या म्हणाली, आणि इथे तिला घोटभर पाणी प्यावं लागलं. "महापौरांची मागणी खरी आहे. तीन जिने चढायला लावणं बरं नाही. मंडळाची बैठकीची खोली तळमजल्यावर आहे. दार रस्त्यावर उघडतं, मधे पायरी नाही. महापालिकेने ती घ्यावी आणि मुलांना त्यांच्या जागी राहू द्यावं."

काकांनी वहिनींचा हात गच्च धरला. ती खोली म्हणजे बाबांची खोली. तिथेच त्यांनी करार शिवला होता. त्यांच्या मागे त्या प्रेसला आत्याने महिन्यातून एकदा स्वतःच्या हाताने तेल घातलं होतं, दुसऱ्या कुणाला शिवू दिलं नव्हतं. वहिनींना कालचा आपला खडा आठवला आणि गलबलून आलं. इतकं काही मागितलं नव्हतं हो मी, त्या मनातल्या मनात म्हणाल्या.

"आणि मंडळ बसणार कुठे?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

"बालविभागात, मुलं घरी गेल्यावर. तिथल्या खुर्च्या लहान आहेत. सभा लांबणार नाहीत."

मागचे वाचक मोकळेपणी हसले. टिल्लू हसला नाही. तो उभा राहिला.

"अध्यक्षांनी जे केलं त्याबद्दल बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत. पण बालविभागाच्या खोलीत चार खिडक्या बसतात, मंडळाच्या खोलीत दोनच. मी सभागृहाला चार खिडक्यांचा शब्द दिलाय. माझं मत माझ्या ठरावालाच जाईल."

सुनेने डोळे मिटले. वहिनी मात्र आत्याकडे बघत होत्या. आत्याची मान हलकेच, अगदी हलकेच, हलली. शाबास म्हणताना ती अशीच मान हलवायची, टिल्लू सात वर्षांचा असल्यापासून.

ठरावाच्या बाजूने हात वर झाले. टिल्लूचा, आणखी तीन. चार. पाचवा हात मोजपट्टीचा, तो मांडीवरच होता. विरुद्ध हात वर झाले. मंडळाचे पाच. मग सावकाश, खांदा दुखत असल्यासारखा, सहावा.

"माझ्याकडे बघू नका," मोजपट्टी आपल्याच लोकांवर खेकसला. "चाळीस वर्षं मापं घेतली मी. कमी भरलेलं माप लपवणारे हजार भेटले. स्वतःच्या विरुद्धचं माप आपण होऊन सांगणारं माणूस हे पहिलंच. यांच्याकडून खोली काढून घेऊन ती द्यायची कुणाकडे? आपल्याकडे? आपण लिफ्ट किती वेळा बसवली?"

हशा पिकला आणि त्या हशात आत्या खाली बसली. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. टिल्लू हरला होता आणि त्याचा चेहरा, सून नंतर कित्येकदा सांगायची, जिंकलेल्या माणसासारखा दिसत होता.

कराराच्या शेवटी त्याच दिवशी दोन ओळी वाढवल्या गेल्या. बालविभागातली चार कपाटं भिंतीलाच राहतील. ती दोघांचीही असतील आणि एकाच्या सहीने कधी हलणार नाहीत.

*

पुढच्या महिन्यात मंडळाच्या खोलीत दोन खिडक्या उघडल्या. प्रेस हलवायला टिल्लू स्वतः आला. त्याने आणि काकांनी तो लाकडी ओंडक्यांवरून लोटत बालविभागाच्या कोपऱ्यात नेला, आणि चार दिवसांतच मुलांनी त्याचं चाक फिरवून फिरवून असं सैल केलं की आत्याच्या तेलाची गरज उरली नाही. तिसऱ्या जिन्यावरची ती बाई पहिल्या आठवड्यातच येऊन गेली. कागद घेऊन बाहेर पडताना ती चुकून ग्रंथालयाच्या दारात शिरली आणि नाव नोंदवूनच घरी गेली.

मंडळाची पहिली सभा संध्याकाळी बालविभागात भरली. पाच सदस्य, आणि खिडक्यांचं बोलायला आलेले मोजपट्टी आणि महापौर लहान खुर्च्यांवर गुडघे वर करून बसले होते. सून कपाटाशी उभी राहून हसू दाबत होती. तिने सकाळी स्वतः दोन कोन सैल करून ते चेपलेलं पुस्तक काढलं होतं, दोघांच्या सह्या घेऊन, आणि खाचा पुन्हा उभ्या केल्या होत्या.

"दोन खिडक्यांना रांग रस्त्यापर्यंत जाते," टिल्लू म्हणाला. "तिसरी हवी. मी नकाशा आणलाय."

"लेखी दिलंस?"

"हा काय, लेखीच आहे. बघ ना." आणि उत्साहाच्या भरात त्याने आपली खुर्ची खरडत आणून तिच्या खुर्चीला टेकवली, लहानपणी गोष्ट ऐकायला टेकवायचा तशी.

आत्याने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"चार बोटं," ती म्हणाली.

टिल्लूने मुकाट्याने खुर्ची मागे घेतली, मधे चार बोटं घालून पाहिली आणि तिथून हात लांब करून नकाशा तिच्यापुढे धरला. आत्याने चष्मा लावला आणि वाचायला घेतला.